घराच्या दुरुस्तीसाठी ठेकेदार नेमताना : आधी माप, मग दर, मग पैसे



घराचं काम काढणं ही पगारदार माणसाच्या आयुष्यात दोन-तीनदाच येणारी गोष्ट. कोणी शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढतो, कोणी भिशी उचलतो, कोणी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडतो. एवढा पैसा एका माणसाच्या हातात द्यायचा, आणि त्या माणसाशी आपलं बोलणं काय झालेलं असतं? "सर, तुम्ही काळजीच करू नका. घरचं काम समजून करतो." एवढंच! पुढे दोन महिन्यांनी त्याच माणसाशी बोलणं बंद होतं.

अशी भांडणं ठेकेदार लबाड असल्यामुळेच होतात असं नाही. बहुतेक वेळा मालकाच्या डोक्यात एक काम असतं आणि ठेकेदाराच्या डोक्यात दुसरं. दोघंही आपापल्या जागी खरे असतात, पण कागदावर काहीच नसतं. म्हणून या लेखाचा मुद्दा एकच आहे : काम काय, माप किती आणि पैसे कधी, या तीन गोष्टी काम सुरू होण्याआधी लिहून ठेवायच्या. लागणारं गणित पाचवी-सहावीचं आहे. परिमिती, क्षेत्रफळ, घनफळ आणि शेकडेवारी, बस्स.

१) काम नेमकं काय, ते आधी लिहा

"बाथरूम पूर्ण करून देतो" या वाक्यात "पूर्ण" म्हणजे काय? आमच्या ओळखीतल्या एका शिक्षिकेच्या घरी यावरूनच वाद झाला. त्यांच्या मते पूर्ण म्हणजे नळ, गिझरची जोडणी, दरवाजा, सगळं. ठेकेदाराच्या मते पूर्ण म्हणजे फरशी, भिंतीच्या टाइल्स आणि आतली पाइपलाइन. नळ तर मालकच आणतो, असा त्याचा आजवरचा अनुभव. फरक आला अठरा हजारांचा. चूक कोणाची? कोणाचीच नाही, शब्दाची.

स्वयंपाकाच्या ओट्याचं उदाहरण घ्या. "ओटा करायचा" एवढं सांगून भागत नाही. हे प्रश्न विचारावे लागतात :

- लांबी-रुंदी किती? उंची किती? (घरात जी व्यक्ती जास्त वेळ स्वयंपाक करते तिच्या उंचीप्रमाणे.)
- वरचा दगड ग्रॅनाइट की कडप्पा? जाडी किती?
- कडा गोल करून पॉलिश करायच्या का? सिंकसाठी दगड कापण्याची मजुरी यातच का?
- ओट्याखाली कप्पे किती? मागच्या भिंतीला टाइल्स किती उंचीपर्यंत?
- जुना ओटा फोडून त्याचा राडारोडा उचलून टाकायचा कोणी?

शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. काम संपतं, गवंडी जातात आणि दारात राडारोड्याचा ढीग तसाच राहतो. तीच गोष्ट परांचीची. उंच भिंतीला गिलावा करायचा तर परांची लागते, तिचं भाडं कोणी द्यायचं? पाणी आणि वीज कोणाची? हे सगळं यादीत यायला हवं.

२) माप आपण घ्या

ठेकेदार माप घेतो तेव्हा आपणही टेपचं दुसरं टोक धरावं. संशय घ्यायचा म्हणून नाही, दोघांच्या वहीत एकच आकडा यावा म्हणून.

समजा, एक खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. चारही भिंतींना आतून गिलावा करायचा आहे.

परिमिती = २ × (१२ + १०) = ४४ फूट
भिंतींचं क्षेत्रफळ = ४४ × १० = ४४० चौ. फूट
दरवाजा ३ × ७ = २१ चौ. फूट, खिडकी ४ × ४ = १६ चौ. फूट
वजावट करून = ४४० − ३७ = ४०३ चौ. फूट

आता दरवाजा-खिडकीची वजावट धरायची की नाही? गवंडी म्हणेल, "गुरुजी, खिडकीच्या कडा धारदार काढायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून आम्ही भरीव माप धरतो." त्याचं म्हणणं खोटं नाही. त्यामुळे भरीव माप धरा किंवा वजा करून धरा, पण ते आधी ठरवा. मजुरीचा दर चौ. फुटाला ३० रुपये धरला, तर एका खोलीत फरक ३७ × ३० = १,११० रुपयांचा. पाच खोल्यांत हाच फरक पाच हजारांच्या वर जातो.

इथे "ब्रास" हा शब्द समजून घेऊ, कारण तो दोन अर्थांनी वापरला जातो. गिलावा, फरशी अशा सपाट कामात १ ब्रास म्हणजे १०० चौ. फूट. वाळू, खडी, मुरूम अशा मालात १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. वरच्या खोलीचा गिलावा म्हणजे साधारण ४ ब्रास काम. पण वाळूचा ब्रास मोजायचा तर लांबी × रुंदी × उंची हवी. ट्रॉली आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि वाळूची सपाट केलेली उंची २ फूट असेल, तर १० × ५ × २ = १०० घनफूट, म्हणजे बरोबर १ ब्रास. उंची दीडच फूट भरली तर ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. ट्रॉली म्हणजे ब्रास नव्हे, हे कायम लक्षात ठेवा. माल खाली करण्याआधी टेप लावायचा, कारण ढीग जमिनीवर पडला की मोजणं अवघड.

फरशीचं गणितही पाहू. त्याच खोलीची जमीन १२ × १० = १२० चौ. फूट. भिंतीच्या पायाशी ४ इंचांची पट्टी लावायची. दरवाजाचे ३ फूट सोडले तर लांबी ४१ फूट. ४ इंच म्हणजे एक तृतीयांश फूट, म्हणून ४१ ÷ ३ = साधारण १४ चौ. फूट. एकूण १३४. कापताना वाया जाणारा भाग १० टक्के धरला तर १४७ चौ. फूट. बाजारात "दोन बाय दोन" म्हणतात ती फरशी प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांपेक्षा किंचित लहान. चार फरशांच्या खोक्यात १६ नव्हे तर साधारण १५.५ चौ. फूट भरतात. १४७ ÷ १५.५ = ९.४८, म्हणजे १० खोकी घ्यायची. एखादं खोकं उरलं तर फेकू नका. चार वर्षांनी एखादी फरशी फुटली तर तीच छटा पुन्हा बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो.

३) काम द्यायच्या चार पद्धती

अ) रोजावर : गवंडी आणि बिगारी यांना दिवसाची मजुरी. माल आपला. गळती शोधणं, किरकोळ तोडफोड अशा आधी अंदाज न येणाऱ्या कामाला ही पद्धत बरी. मात्र घरी कोणीतरी लक्ष द्यायला हवं, नाहीतर तीन दिवसांचं काम सहा दिवस चालतं.

आ) मजुरीच्या दराने : चौ. फुटाला किंवा ब्रासला ठरलेली मजुरी, माल आपला. मालाचा दर्जा आपल्या हातात राहतो. पण सिमेंट संपलं की दुकानात पळायचंही आपणच.

इ) मालासह दराने : माल आणि मजुरी मिळून मापाप्रमाणे दर. नोकरी करणाऱ्याला सोयीची पद्धत. पण कोणत्या कंपनीचं सिमेंट, कोणत्या दर्जाची पाइप, फरशी चौ. फुटाला किती रुपयांपर्यंतची, हे लिहून घ्यायला हवं.

ई) उक्तं : सगळं काम मिळून एक रक्कम. ऐकायला सोपं वाटतं. पण कामाची यादी अपुरी असेल तर सगळ्यात जास्त भांडणं उक्त्या कामातच होतात, कारण यादीत नसलेली प्रत्येक गोष्ट "वाढीव" ठरते.

४) तीन अंदाज घ्या, पण एकाच यादीवर

तीन ठेकेदारांकडून अंदाजपत्रक घ्यावं हे सगळेच सांगतात. पण तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या तर तुलना कशाची करणार? म्हणून वर तयार केलेली यादी तिघांना तीच द्या.

उदाहरणार्थ, गच्चीची गळती काढणे आणि एका खोलीचा गिलावा-फरशी यासाठी पहिला म्हणतो १,६०,००० रुपये आणि दुसरा म्हणतो १,८५,०००. वरवर पाहता पहिला स्वस्त. पण पहिल्याच्या रकमेत राडारोडा उचलणं नाही (समजा ६,०००), परांची नाही (८,०००) आणि गच्चीचं रसायनही नाही (१५,०००). हे मिळवलं की होतात १,८९,०००. म्हणजे "स्वस्त" काम चार हजारांनी महाग पडलं! स्वस्त अंदाज दिसला की "यात काय नाही?" हा प्रश्न विचारायचा.

ठेकेदाराचं जुनं काम पाहायला जाल तेव्हा गेल्या महिन्यात झालेलं पाहू नका. नवं काम सगळंच चकचकीत दिसतं. दोन पावसाळे पाहिलेलं काम दाखवायला सांगा. त्या घरमालकांना तीनच प्रश्न विचारा : काम ठरल्या वेळेत झालं का? शेवटी हिशोब करताना रक्कम वाढली का, आणि का वाढली? काम झाल्यावर बिघाड झाला तेव्हा माणूस फोन उचलून आला का? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस कळतो.

५) पैसे कामाच्या मागे चालले पाहिजेत

आपल्याकडे गवंडी-बिगारी यांचा पगार बहुधा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. त्यामुळे ठेकेदार दर आठवड्याला उचल मागतो. हे गैर नाही. त्यालाही माणसांच्या हातावर पैसे ठेवायचे असतात. पण उचल देता देता दिलेली रक्कम झालेल्या कामाच्या पुढे निघून गेली, की आपल्या हातात काही उरत नाही. मग माणसं दुसऱ्या कामावर जातात आणि आपण फोन लावत बसतो.

म्हणून रकमेचे टप्पे पाडा. १,८५,००० रुपयांचे टप्पे असे पाडता येतील :

- विसार, काम सुरू करताना : १० टक्के = १८,५००
- गच्चीचं काम पाण्याची चाचणी होऊन पूर्ण झाल्यावर : ३० टक्के = ५५,५००
- गिलावा पूर्ण झाल्यावर : २५ टक्के = ४६,२५०
- फरशी पूर्ण झाल्यावर : २५ टक्के = ४६,२५०
- राखून ठेवायची रक्कम : १० टक्के = १८,५००

आठवड्याची उचल त्या त्या टप्प्याच्या रकमेतून वळती करायची. मालासाठी मोठी आगाऊ रक्कम मागितली, तर दुकानदाराला पैसे आपण थेट द्यायचे आणि बिल आपल्या नावावर घ्यायचं.

शेवटचे १० टक्के पहिला मोठा पाऊस होऊन गच्ची कोरडी राहिली की द्यायचे. मात्र यालाही तारीख लिहा, "उशिरात उशिरा ३१ जुलै" अशी. पाऊस लांबला म्हणून कष्टाचे पैसे अडवून ठेवणं योग्य नाही. लिहिलेला कागद ठेकेदाराचंही रक्षण करतो, हे इथे दिसतं.

शक्यतो पैसे बँकेतून द्या. रोख दिले तर वहीत तारीख, रक्कम अंकी आणि अक्षरी लिहून सही घ्या. एकाच कामापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

६) काम चालू असताना काय पाहायचं?

आपण इंजिनिअर नाही, पण काही गोष्टी कोणालाही पाहता येतात.

सिमेंट : गोणी ५० किलोची असते. तिच्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट वापरू देऊ नका.

ओळंबा : गिलावा झालेल्या भिंतीला ओळंबा लावून दाखवायला सांगा. चांगला गवंडी हे आनंदाने दाखवतो.

उतार : गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी साधारण १०० इंचाला १ इंच उतार हवा. गच्ची २० फूट असेल तर २४० इंच, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ अडीच इंच.

पाण्याची चाचणी : गच्चीचं काम झालं की पाइपची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवून ठेवायचं आणि खालून स्लॅब पाहायचा. हे झाल्याशिवाय वरची फरशी बसवू द्यायची नाही.

पाणी मारणं : सिमेंटच्या कामाला सिमेंटच्या प्रकाराप्रमाणे किमान ७ ते १० दिवस ओलावा लागतो. आपण शिक्षक सगळेच मे महिन्याच्या सुट्टीत काम काढतो. नेमकी तेव्हाच ठेकेदारांकडे गर्दी आणि मराठवाडा-विदर्भात पाण्याची टंचाई. टँकरचं पाणी विकत घेऊन भिंतींवर मारताना हात आखडतो आणि गिलाव्याला भेगा पडतात. जमत असेल तर दिवाळीनंतर काम काढा. मेमध्येच काढायचं असेल तर पाण्याचा खर्च अंदाजात धरा.

आणि एक, भिंत पाडायची असेल किंवा खांब-तुळईला हात लावायचा असेल, तर तिथे ठेकेदाराच्या अंदाजावर चालू नका. इंजिनिअरला दाखवा. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

७) वाढीव काम आणि कागद

काम चालू असताना घरातलं कोणीतरी म्हणतंच, "आलेच आहेत तर अंगणातला कट्टाही करून घेऊ." बिल फुगतं ते इथे. नियम एकच ठेवा : यादीबाहेरचं काम करण्याआधी त्याचा दर वहीत लिहायचा आणि दोघांनी सही करायची.

तोंडी करारही भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे वैध असू शकतो. पण तो सिद्ध कसा करणार? म्हणून एक साधा कागद पुरे. नमुना असा :

"दिनांक ____. मालक ____ व ठेकेदार ____ यांच्यात ठरले की, सोबतच्या यादीतील काम मालासह / मजुरीवर रु. ____ (अक्षरी ____) मध्ये करायचे. काम ____ रोजी सुरू होऊन ____ पर्यंत पूर्ण करायचे. मोजमाप भरीव / वजावट करून धरायचे. राडारोडा, परांची, पाणी व वीज यांचा खर्च ____ यांनी करायचा. पैसे सोबतच्या टप्प्यांप्रमाणे द्यायचे. वाढीव काम दोघांच्या सहीशिवाय करायचे नाही. गळतीची हमी ____ वर्षे. या काळात दुरुस्ती विनामूल्य. दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या."

ठेकेदार वयाने मोठे, गावातले असले की कागद पुढे करायला संकोच वाटतो. तेव्हा एवढंच म्हणायचं, "मामा, तुमच्यावर विश्वास आहे. पण तुम्हाला दहा कामं आणि मला शाळा. दोघांच्याही लक्षात राहायचं नाही, म्हणून लिहून ठेवू." कोणी रागावत नाही.

एवढं करूनही फसवणूक झाली तर आधी लेखी पत्र द्या, फोटो आणि पावत्या सांभाळा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

८) कामावर येणारी माणसं

आपल्या वर्गात बसणारी कितीतरी मुलं गवंड्यांची, बिगाऱ्यांची, फरशीवाल्यांची आहेत. म्हणून ठेकेदाराला दोन गोष्टी ठामपणे सांगा. एक, १४ वर्षांखालचं मूल आपल्या घरी घमेलं उचलताना दिसता कामा नये. ते कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या मुलाची जागा शाळेत आहे. दोन, परांची मजबूत हवी आणि वायरिंगच्या वेळी मेन स्विच बंद हवा.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगारांना नोंदणी करता येते. नोंदीत कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठीही अर्थसाहाय्य मिळतं. दुपारच्या चहाच्या वेळी विचारा, "मावशी, नोंदणी केली का?" नसेल तर अर्ज भरायला मदत करा. ते काम आपल्याला चांगलं जमतं.

वर्गासाठी उपक्रम

पाचवी ते सातवीच्या मुलांचे गट करून टेप द्या आणि आपलीच वर्गखोली मोजायला लावा. भिंतींना रंग द्यायचा तर किती चौ. फूट? फळा, दार, खिडक्या वजा केल्यावर किती? जमिनीला फरशीची किती खोकी? मग तीन गटांना "ठेकेदार" करा, एका गटाला "मालक". ठेकेदारांनी अंदाजपत्रक लिहायचं, मालकांनी "यात काय नाही?" हे शोधायचं. ज्या मुलाचे वडील गवंडी असतील त्यांना त्या दिवशी वर्गात बोलवा. ओळंबा कसा लावतात हे त्यांच्याइतकं चांगलं आपल्याला शिकवता येणार नाही.

आपापल्या भागात मोजमापाचे कोणते शब्द वापरतात, दर कसे ठरतात, हे जरूर कळवा.